ओहोळावरचा गळ: शहापूर-मुरबाडकडे गोड्या पाण्यात मासे धरायला शिकताना

कार्तिकातली सकाळ. मुरबाडच्या पुढे एका ओहोळात मी गुडघाभर पाण्यात उभा, हातात ठाण्याच्या दुकानातून आणलेली रीळवाली काठी, अंगात नवाकोरा पिवळा टीशर्ट. दोन तास झाले तरी बूच जागचं हललं नव्हतं. वीस पावलांवर कातकरी वाडीतले एक बाबा करंजाच्या बुंध्याआड उकिडवे बसले होते. हातात बांबूची काटकी, शेजारी पळसाच्या पानावर चौदा दांडवण, म्हणजे ओहोळातले लहान मासे. न राहवून मी विचारलं, "बाबा, चारा कुठला लावलाय?" ते पाण्यावरची नजर न काढता म्हणाले, "चारा तुमचाच, दादा. सावली तेवढी बाजूला घ्या. मासे काय आंधळे हायत?"

तळ्यात किंवा खाडीत मासा कुठे आहे हे शोधावं लागतं. ओहोळात तो कुठे आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण आपण आलोय हे त्याला आपल्याआधी कळतं. पाणी पोटरीभर, नितळ, आणि पळून जायला जागा थोडी, म्हणून तिथला मासा भित्रा. बारीक दोरा, लहान गळ, दबकी पावलं, मळकट कपडे हे पुढचं सगळं त्या एका गोष्टीपायी आहे. महागडं सामान घेऊन तिथे काही होत नाही, हे मी स्वतःच्या खिशाने शिकलोय.

जागा कोणती

भातसा, काळू, शाई, बारवी या नद्या सह्याद्रीच्या अंगाने उतरतात आणि शेवटी उल्हासला मिळतात. आपल्याला या मोठ्या नद्या नकोत. त्यांना जागोजाग येऊन मिळणारे, दहा-पंधरा फूट रुंदीचे ओहोळ हवेत. हिवाळ्यात त्यांत बहुतेक ठिकाणी पोटरीभर पाणी असतं आणि वळणावर कुठेतरी कंबरभर डोह. कसारा लोकलने वाशिंद, आसनगाव किंवा आटगावला उतरून शेअर रिक्षा मिळते. मुरबाडकडे कल्याणहून एसटी. नवी मुंबईकरांना पनवेलच्या वर, डोंगराच्या बाजूला गाढी नदीला मिळणारे ओहोळ जवळ पडतील.

काही ठिकाणी मात्र जाऊच नका. अंबरनाथ-उल्हासनगरमधून वाहणारी वालधुनी आणि तळोज्याची कासाडी यांत कारखान्यांचं आणि शहराचं सांडपाणी वर्षानुवर्षं जातंय. तिथे मासा लागला तरी तो ताटात घ्यायचा नाही. साधा नियम असा, की ओहोळाच्या वरच्या अंगाला कारखाना, मोठी वसाहत किंवा कोंबड्यांची शेड असेल तर पुढे चला. तानसा अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकायचा नाही, आणि मुंबईला पाणी पुरवणाऱ्या धरणांच्या काठावर तर मुळीच नाही. इतर जलाशयांतली मासेमारी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. त्यांनी तिथे बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिलं, सोडलेली असतात, तेव्हा विचारल्याशिवाय गळ टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतातली भेंडी तोडणंच.

ओहोळाकाठच्या शेतकऱ्यालाही विचारा. "मासे धरू का?" यापेक्षा "कुठल्या बांधावरून उतरू?" हा प्रश्न बरा. दिवाळीपर्यंत भात उभं असतं किंवा कापून पसरलेलं असतं, त्यानंतर ओलीवर वाल आणि हरभरा पेरलेला असतो. शहरी माणसाला वालाचं रोप गवत वाटतं आणि तो त्यावरून चालत जातो. एखादा डोह देवाचा असेल तर तेही याच बोलण्यात कळतं. देवाच्या डोहात गळ पडत नाही, म्हणून आसपासच्या ओहोळांत मासा टिकून राहतो, तेव्हा तक्रार करू नये.

कधी जायचं, आणि वलगणीचं काय

आमच्या भागात मासे धरायचं म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी पहिला शब्द येतो वलगण. मृगाचा पाऊस जोरात लागला, ओहोळ लाल पाण्याने भरून वाहू लागले की मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढतात, थेट भातखाचरांत. त्या रात्री बॅटऱ्या, कोयते, पाग, टोपल्या घेऊन अख्खं गाव बाहेर. पोटं गाभोळीने टम्म फुगलेली, आणि त्या चवीला तोड नाही, हे मीही मान्य करतो. लहानपणी मामासोबत मीही जायचो, भिजून घरी आलो की आजीच्या शिव्या आणि चुलीवरची गाभोळी एकदमच मिळायची.

तरीही मी आता वलगणीला जात नाही आणि नवशिक्याने जाऊ नये असं माझं मत आहे. वाडीतल्या माणसाने त्या रात्री चार मासे नेले तर त्याच्या घरात आठवडाभर कालवण होतं, तो हिशेब वेगळा. आपण शहरातून गाडी करून जाऊन अंडी घालायला निघालेला मासा टोपलीत भरायचा, आणि दिवाळीत त्याच ओहोळावर येऊन "आजकाल मासेच राहिले नाहीत" म्हणायचं, हे काही बरं नाही. शिवाय त्या पाण्यात गळाचा काही उपयोगही नसतो. गढूळ लोंढ्यात माशाला चारा दिसत नाही.

गळाचा खरा हंगाम पाणी निवळल्यावर, म्हणजे दसऱ्याच्या आसपास सुरू होतो आणि संक्रांतीपर्यंत चालतो. श्रावण, गणपती, नवरात्र पाळणाऱ्यांचीही यात सोय होते. फेब्रुवारीनंतर धार तुटते, मासे उरलेल्या डोहांत गोळा होतात आणि धरायला अगदी सोपे होतात. तेव्हाच हात आखडता घ्यायचा. एप्रिल-मेमध्ये डोहात जो मासा जगतो, तोच जूनमध्ये वर चढतो.

दिवसातली वेळ सकाळी उजाडल्यापासून नऊ-साडेनऊपर्यंत, आणि दुपारी चारनंतर अंधार पडायच्या आत. भर दुपारी झाडाखाली झोपा.

सामान

काठी आठ ते दहा फूट. गावात मेस बांबू मिळाला तर त्याहून चांगलं काही नाही. अंगठ्याएवढ्या बुडाची, शेंड्याला करंगळीहून बारीक होत जाणारी काठी निवडा. हिवाळ्यात तोडून दोन महिने सावलीत आडवी वाळवायची, वाकडी असेल तर निखाऱ्यावर शेकून सरळ करायची, मग तेलाचा हात. अमावास्येला तोडलेला बांबू किडत नाही असं जुनी माणसं सांगतात. मी एकदा अमावास्येला आणि एकदा भलत्याच तिथीला तोडला, दोन्ही किडले, कारण दोन्ही मी नीट वाळवले नव्हते. एवढा खटाटोप नको असेल तर दुकानातली दुमडती काठी घ्या, रीळ नसलेली. ती कार्बनची असेल तर शेतावरून गेलेल्या विजेच्या तारांखाली उभी धरू नका. कार्बनमधून वीज जाते.

दोरा म्हणजे तंगूस, नायलॉनचा, ०.१८ मिलिमीटरच्या आसपास जाडीचा. दुकानदार "तुटेल साहेब" म्हणून ०.४० गळ्यात मारतो. तो खाडीसाठी. नितळ पाण्यात जाड तंगूस माशाला दिसतो. लांबी काठीपेक्षा हातभर कमी ठेवा, म्हणजे मासा उचलला की सरळ आपल्या हातात येतो. काठीच्या शेंड्याला तंगूस बांधताना तो दोन फूट खाली आणून तिथेही एक वेढा द्या. शेंडा मोडला तर मासा आणि गळ दोन्ही वाचतात.

गळाचे आकडे उलटे चालतात: आकडा मोठा, गळ लहान. दांडवण आणि खवली या लहान माशांना १४ नंबर, डोकऱ्या, खरपी आणि शिंगटी या थोराड माशांना ८ नंबर. हे दोनच आकार घ्या. घरीच पक्कडीने गळाचा उलटा काटा दाबून सपाट करा. त्याने दहातला एखादा मासा सुटतो, पण लहान मासा जिवंत सोडता येतो, आणि गळ आपल्या बोटात घुसला तर तो आला तसा बाहेर निघतो.

गाठ एवढी एकच शिका. तंगुसाचं टोक गळाच्या नेढ्यातून ओवा, वीतभर ओढून घ्या. हे टोक मूळ तंगुसाभोवती पाच-सहा वेळा पिळा. नेढ्यालगत जो छोटा फास उरतो त्यातून टोक परत घाला. आता तोंडात धरून थुंकीने ओलं करा आणि मगच हळू ओढून आवळा. कोरडी गाठ आवळली की घर्षणाने तंगूस तापतो आणि तिथेच कमजोर होतो. माझे पहिल्या हंगामातले बहुतेक मासे गाठीपाशी सुटले, आणि मी मात्र तंगुसाला शिव्या देत होतो.

गळाच्या चार बोटं वर ज्वारीच्या दाण्याएवढं शिसं चिमटा. बूच म्हणून पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बोटभर तुकडा छान, नाहीतर जुन्या रबरी स्लिपरचा तासलेला तुकडाही चालतो. घरी बादलीत टाकून पाहा. बूच उभं राहून नुसतं टोक पाण्यावर दिसायला हवं. आडवं तरंगणारं बूच म्हणजे शिसं कमी. माशाला ते ओढायला जड वाटतं आणि तो चारा टाकून जातो.

चारा

गांडुळाला पर्याय नाही. गोठ्यामागचा उकिरडा किंवा मोरीचं पाणी जातं ती केळीची बुंधी खणली की पाच मिनिटांत दिवसाचा चारा मिळतो. करवंटीत ओली माती घालून सावलीत ठेवा. लहान गळाला अर्ध्या नखाएवढा तुकडा पुरे. गळ पूर्ण झाकून पुढे जरासं टोक वळवळतं सोडा. अख्खं लांब गांडूळ लावलं की दांडवण लोंबतं टोक खाऊन पसार होते.

पीठ लावायचं तर कणकेत थोडं बेसन घालून घट्ट मळा आणि त्यात कापसाचे तंतू कुसकरा. कापूस नसेल तर गोळी दोन मिनिटांत पाण्यात विरघळते. गोळी मुगाच्या दाण्याएवढी. खवलीला हे आवडतं. डोकऱ्याला मात्र जिवंत नाकतोडा, मुळांच्या कडेने पाण्यावरून हलकेच नाचवत नेलेला. मासे जमवायला भाताचा कोंडा ओल्या मातीत मळून लिंबाएवढा एक गोळा टाकावा. एकच. पोट भरलेला मासा गळाकडे येत नाही.

पाण्याशी

मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, चारा वरून वाहत येतो म्हणून. तेव्हा आपण खालच्या अंगाने, त्याच्या शेपटीकडून वर सरकायचं. काठावर धपधप चालू नका, जमिनीचा हादरा पाण्यात पोचतो. सूर्य पाठीमागे असेल तर सावली पाण्यात पडते, ती करंजाच्या किंवा जांभळाच्या सावलीत मिसळेल अशी जागा धरून बसा. उभं राहायचं नाही. आणि बसल्यावर पहिली पाच मिनिटं गळच टाकायचा नाही. माझ्याने हे अजूनही होत नाही, पण ज्या दिवशी जमतं त्या दिवशी पहिल्याच टाकीला मासा लागतो.

खळाळ संपून पाणी डोहात शिरतं ती रेघ नीट बघा. तिथे वेगाचं आणि संथ पाणी शेजारी-शेजारी असतं. मासा संथात उभा राहतो आणि वेगातून येणारा चारा टिपतो. गळ खळाळात टाकून वाहत त्या रेघेवर येऊ द्या. दुसरी जागा मोठ्या दगडाच्या खालच्या बाजूला. तिसरी, उघडी पडलेली मुळं, तिथे डोकऱ्या. आणि पाण्यावर झुकलेला उंबर दिसला तर बाकी सगळं सोडून तिथे जा. पिकलेलं उंबर पाण्यात पडलं की टुपकन आवाज होतो आणि खवल्या चारही बाजूंनी धावतात. तिथे शिसं काढून टाका, चारा अलगद टपकला पाहिजे.

चारा तळापासून वीतभर वर राहील असं बूच सरकवा. नुसतं शिसं सोडून खोली मापता येते. शिंगटी आणि खरपीसाठी मात्र तळालाच टेकवा.

आता बुचाची भाषा. बूच टकटक नाचतंय पण बुडत नाही, ती दांडवण, घाई करू नका. हलकेच आडवं सरकत तिरकं बुडालं, ती खवली, मनगट उचला. बूच वर येऊन आडवं पडलं, तर चिलापीने (तिलापिया) तळावरचा चारा शिशासकट उचललाय. एका दमात सरळ मुळांकडे गेलं तर डोकऱ्या. इथे वेळ घालवलात तर तो मुळात शिरून तंगूस गुंडाळतो. बूच अगदी सावकाश, सरकारी फाईलच्या गतीने बाजूला चाललंय आणि उचलल्यावर गळ रिकामा, तर तो खेकडा. जागा बदला. बूच थरथरून मग नुसतं जड झालं, दगडात अडकल्यासारखं, तर वाम, सापासारखा लांबट मासा, असू शकते. ती शेपूट दगडाच्या कपारीत अडकवून ताणते. जोर करू नका, ताण धरून थांबा.

झटका मनगटाचा, खांद्याचा नाही. आमचा एक मित्र अजून खांद्याने मारतो, त्याच्या खवल्या मागच्या बाभळीवर जाऊन बसतात.

एक मासा दिसेल भरपूर आणि लागणार नाही: दगडांना चिकटून शेवाळ खरवडणारा मळ्या. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची शास्त्रीय नावं लिहिली तेव्हा याचं आपल्याकडचं नावच लॅटिन नावात घातलं, "मुल्ल्या" असं. शेवाळ खाणाऱ्याला गांडुळात रस नाही, त्याच्यामागे सकाळ वाया घालवू नका.

मासा हातात आल्यावर

हात आधी ओले करा, कोरड्या हाताने माशाचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासा पुढे मरतो. बोटापेक्षा लहान असेल तो परत. गाभोळीवाली मादी परत. मरळीच्या तांबूस पिलांचा घोळका पाण्यावर दिसला तर आसपास गळच नको. आईबाप राखणीला असतात, ते गेले की पिलं दुपारपर्यंत टिकत नाहीत.

चिलापी मात्र सोडू नका, कितीही लहान असो. ती इथली नाही. १९५२ मध्ये भारतात आणली गेली, मादी अंडी-पिलं तोंडात सांभाळते, म्हणून तिची पैदास बेसुमार होते आणि इथल्या माशांच्या जागा जातात. परदेशी मांगूरचंही तेच. त्याच्या पालनावर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली, तरी शेततळ्यांतून निसटलेले कधीमधी ओहोळात सापडतात.

शिंगटी मुठीत पकडू नका. हे सांगायचा मला पूर्ण अधिकार आहे. तिच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक काटा असतो. घाबरली की तिन्ही ताठ करते. मी ती खवलीसारखी मुठीत घेतली आणि बाजूचा काटा अंगठ्याच्या मुळाशी घुसला. कोपरापर्यंत ठणका. वाडीतल्या एका मावशींनी चहाचं आधण बाजूला ठेवून त्याच टोपात पाणी तापवलं आणि सोसेल एवढ्या गरम पाण्यात माझा हात धरून बसवला. अर्ध्या तासाने मी माणसात आलो. हाच उपाय डॉक्टरही सांगतात. नंतर जखम साबणाने धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. शिंगटी धरायची ती ओल्या फडक्याने, डोक्यामागून, किंवा सरळ पक्कडीने गळ सोडवायचा.

दिवसाचा आकडा घरून ठरवून निघा. मी दोन कालवणांपुरते म्हणजे वीस-पंचवीस लहान मासे झाले की काठी गुंडाळतो. जाळी, बॅटरीचा शॉक, गेळ्याची फळं ठेचून पाण्यात घालणं, यातलं काही नाही. सुरुंग आणि विष घालून मासे मारायला तर १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमापासून बंदी आहे, आणि विषाने ओहोळातली बोटभर पिलंही जातात.

जिवाचं

आपल्या डोक्यावर ऊन असतं आणि वर डोंगरात पाऊस पडत असतो. ओहोळ पंधरा मिनिटांत भरतो. पाणी एकाएकी गढूळ झालं, पालापाचोळा वाहून येऊ लागला किंवा वरून घरघर ऐकू आली तर सामान सोडा, उंचावर जा. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हासच्या पुरात अडकली होती. अख्खी गाडी अडकते तिथे आपली काय कथा. बारवी धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की ते आपोआप उघडतात, म्हणून पावसाळ्यात धरणाच्या खालच्या अंगाला पाण्यात उतरायचंच नाही. ऑक्टोबरमध्ये दुपारी ढग गडगडले की काठी आडवी टाकून झाडापासून दूर व्हा.

पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका, लेप्टोचा, म्हणजे दूषित पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाचा, धोका असतो. घरी आल्यावर आठ-पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना "ओहोळात उतरलो होतो" हे आवर्जून सांगा. पाण्यात दिसणारा साप बहुधा पाणदिवड असतो, बिनविषारी. काठावरच्या दगडांत आणि सुक्या पाल्यात फुरसं असू शकतं, तेव्हा बसायच्या आधी जागा काठीने खडबडवा.

घरी

मासे ओल्या गोणपाटात गुंडाळून आणा, प्लॅस्टिकच्या पिशवीत वाशिंद ते ठाणे येईपर्यंत ते उकडतात. डोकऱ्या आणि वामेचा बुळबुळीतपणा चुलीची राख चोळून जातो. फ्लॅटमध्ये राख कुठली, म्हणून जाडं मीठ आणि तांदळाचं पीठ. लहान माशांची पोटं नखाने साफ करा, डोकी ठेवा. चिलापीला चिखलाचा वास असतो, ती अर्धा तास चिंचेच्या पाण्यात बुडवून ठेवा. गोड्या पाण्यातला मासा अर्धाकच्चा कधी खाऊ नये, त्यात जंत असू शकतात.

दांडवणीला मसाल्याची गरज नाही. हळद, मीठ, ठेचलेला लसूण, चार आमसुलं आणि तेलाची धार घालून पातेल्यात पसरायच्या, झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर पाणी न घालता शिजवायच्या. चमच्याने ढवळलं तर लगदा होतो. पातेलं दोन्ही हातांनी धरून नुसतं हलवायचं. बारा-पंधरा मिनिटांनी रस आटून तेल कडेला दिसू लागलं की उतरवा, आणि तांदळाच्या भाकरीवर घ्या. शेपटीकडून धरून वर ओढलं की काटा अख्खा निघतो.